समुद्रतळाचा गाळ आणि आपला पाऊस

पाऊस पूर्वीसारखा राहिला नाहीं, ही तक्रार शेतकऱ्यांच्या प्रत्येक बैठकींत ऐकूं येते. हें 'पूर्वीं' म्हणजे नेमकें केव्हांचें, असें विचारिलें असतां कोणी १९७२ च्या दुष्काळाचें नांव घेतो, तर कोणी वडिलांच्या वेळीं उन्हाळ्यांतही वाहणाऱ्या ओढ्याची गोष्ट सांगतो. मनुष्याची आठवण पन्नास-साठ वर्षांपलीकडे जात नाहीं. सरकारी नोंदी त्याहून जुन्या खऱ्या. भारताचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें, व कांहीं ठिकाणच्या पर्जन्याच्या नोंदी त्याच्याही आधींच्या आहेत. तथापि मोसमी पावसाच्या आयुष्यांत दोन शतकें म्हणजे एक घटकाही नव्हे. मग त्यापूर्वींचें दप्तर कोठें आहे? त्याचा मोठा भाग समुद्राच्या तळाशीं आहे. तें कसें वाचितात, त्यावर किती विश्वास ठेवावा व त्यापासून शेतकऱ्यानें काय घ्यावें, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

दप्तर कसें तयार होतें

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ फोरॅमिनिफेरा नांवाचे एकपेशीय जीव असंख्य राहतात. पाण्यांतील चुना घेऊन ते आपल्याभोंवतीं कवच बांधितात. हें कवच बहुधा बारीक वाळूच्या कणाएवढें असतें. जीव मेला म्हणजे कवच तळाशीं जातें. त्याबरोबरच नद्यांनीं आणलेली माती व वाळवंटांतून वाऱ्यानें उडविलेली धूळ बसते. गांवतळ्याचा गाळ काढतांना ज्यांनीं त्यांतील थर पाहिले असतील, त्यांस हें समजण्यास कठीण नाहीं: खालचा थर जुना, वरचा नवा. भेद इतकाच कीं, तळें कांहीं वर्षांत भरतें, आणि खोल समुद्रांत हजार वर्षांत कांहीं सेंटिमीटर गाळ चढतो.

'चॅलेंजर' नामक ब्रिटिश जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत समुद्रपर्यटन करून तळाच्या मातीचे नमुने जगापुढें आणिले. परंतु तो बहुतेक वरवरचा गाळ होता. पुढें स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनीं दट्ट्या बसविलेली लांब नळी तयार केली. ती तळांत रुतवून वर काढिली असतां थर जसेच्या तसे नळींत येतात. १९४७-४८ च्या 'अल्बाट्रॉस' मोहिमेंत अशा रीतीनें दहा मीटरांहून अधिक लांब नमुने मिळाले. १९६८ पासून जहाजावरून छिद्रें पाडण्याचें काम सुरू झालें. २०१५ सालीं आपल्या किनाऱ्यापासून सुमारें ४७५ किलोमीटर पश्चिमेस, साडेतीन हजार मीटरांहून अधिक पाण्याखालीं, एक हजार मीटरांहून खोल छिद्र पाडण्यांत आलें.

तें वाचावें कसें

पहिली रीत प्राणवायूची. प्राणवायूचे हलके व जड असे अणु असतात. हलके अणु ज्यांत आहेत त्या पाण्याची वाफ अधिक सहज होते. हिमयुगांत ही वाफ बर्फ होऊन जमिनीवरच अडकली. त्यामुळें समुद्रांत जड अणूंचें प्रमाण वाढलें आणि त्या पाण्यांत बांधलेल्या कवचांतही तें उतरलें. पाणी थंड असलें तरीही कवचांत जड अणु अधिक येतात. एमिलियानी यांनीं १९५५ सालीं ही रीत लांब नमुन्यांस लाविली. तींत बर्फाचा वांटा फार मोठा आहे, असें शॅकल्टन यांनीं १९६७ सालीं दाखविलें. १९७६ सालीं हेज, इम्ब्री व शॅकल्टन यांनीं दक्षिण हिंदी महासागरांतील दोन नमुने तपासून सिद्ध केलें कीं, हिमयुगांच्या येण्याजाण्यांत सुमारें १ लक्ष, ४२ हजार, २३ हजार व १९ हजार वर्षांचीं आवर्तनें आहेत. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आंसाचा कल व आंसाचें डोलणें यांच्या गणिती आवर्तनांशीं तीं जुळतात.

दुसरी रीत मोजदादीची, आणि तीच आपल्या पावसाशीं अधिक निगडित आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यास लागून वाहतो, तेव्हां पृथ्वीच्या भ्रमणामुळें वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें. त्याच्या जागीं खालचें थंड, खतावलेलें पाणी वर येतें. अशा पाण्यांत 'ग्लोबिजेरिना बुलॉइडीस' ही फोरॅमिनिफेराची जात विपुल वाढते. ज्या थरांत तिचीं कवचें अधिक, त्या काळीं वारा जोराचा, असा हा हिशेब आहे. थराचें वय कवचांतील किरणोत्सर्गी कार्बनावरून ठरवितात. हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. सुमारें पन्नास हजार वर्षांपर्यंत ही रीत चालते.

दप्तर काय सांगतें

ओमानसमोर १९८७ सालीं काढलेल्या गाळाचा अभ्यास अनिल गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केला. त्यावरून व इतर नमुन्यांवरून असें दिसतें कीं, हिमयुगांत नैर्ऋत्य वारा मंद होता. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं उत्तर गोलार्धांतील उन्हाळ्यांत सूर्याची उष्णता आजच्यापेक्षां अधिक मिळे, आणि वारा प्रबळ होता. पुढें तो हळूहळू क्षीण झाला. या उतारावरही मध्येंच कित्येक शतकें वारा अधिक दुबळा पडल्याचें दिसतें, आणि तो काळ उत्तर अटलांटिकांतील थंडीच्या काळाशीं जुळतो. इतक्या दूरच्या समुद्राचा आपल्या आभाळाशीं संबंध असावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्या किनाऱ्यावरही असें काम झालें आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या, गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं कारवारजवळच्या गाळांतील फोरॅमिनिफेरांचा अभ्यास केला. पाऊस चांगला झाला कीं काळी नदीचें गोडें पाणी समुद्रांत पसरतें व त्या जीवांत फरक पडतो. त्यावरून दुष्काळांचें ७७ वर्षांचें आवर्तन असावें, असें त्यांनीं १९९५ सालीं मांडिलें.

विश्वास किती ठेवावा

महसूल खात्यांत आमचें आयुष्य जुन्या कागदांत गेलें. एका कागदावर निवाडा करूं नये, त्यास दुसऱ्या कागदाचा दुजोरा घ्यावा, हें आम्ही तेथें शिकलों. या दप्तरासही तोच नियम लागू आहे. तळाचे किडे गाळ ढवळितात व थर मिसळतात. अरबी समुद्रांत सुमारें दोनशें ते हजार मीटर खोलीवर प्राणवायु फारच थोडा असल्यामुळें तेथें किडे कमी व थर अधिक शाबूत असतात. कराचीसमोरील समुद्रांत तर दरवर्षाचा थर निराळा ओळखूं येतो. शिवाय ओमानचीं कवचें वाऱ्याचा जोर सांगतात. वारा म्हणजे आपल्या माळावरचा पाऊस नव्हे. म्हणून गुहांतील चुनखडीचे थर, सरोवरांचा गाळ व झाडांचीं वलयें यांच्याशीं हा हिशेब ताडून पाहतात.

तेव्हां १९७२ मध्यें ७७ मिळवून कोणी पंचांग मांडूं नये. पुढील मृगांत पाऊस केव्हां पडेल, हें गाळ सांगत नाहीं. तो सांगतो तें याहून महत्त्वाचें आहे: मोसमी पाऊस ही कायमची नेमणूक नव्हे. मनुष्यानें हवेंत कोळशाचा धूर सोडण्यापूर्वींही तो शतकानुशतकें वाढला व घटला आहे, आणि आतां तर हवा व समुद्र मनुष्याच्या कृतीनें तापत आहेत.

म्हणून मागील तीस वर्षांची सरासरी धरून आयुष्यभराचें कर्ज काढणें धोक्याचें आहे. चार चांगल्या पावसांवर भरंवसून सारें रान एकाच तहानलेल्या पिकाखालीं आणणाऱ्यानें पांचव्या वर्षाचाही विचार करावा. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गांवानें एक पर्जन्यमापक ठेवावा, रोजचा पाऊस आणि दरमहा विहिरींची पातळी वहींत लिहावी, व ती वही पुढील पिढीच्या हातीं द्यावी. समुद्र आपलें दप्तर न चुकतां लिहीत आहे; आपलें आपण लिहिलें पाहिजे.