रसपान : विनयातील अनुज्ञा आणि वसतिगृहातील ताट

पालकभेटीच्या रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणातील कचराकुंडी पाहिली, की पालकांनी मुलांसाठी काय आणले होते ते समजते. पंचवीस वर्षांपूर्वी तीत भुईमुगाची टरफले, बोरांच्या बिया, सीताफळाच्या साली असत. अलीकडे आंब्याचे चित्र छापलेली कागदी खोकी आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या अधिक असतात. गेल्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या फडावरून आलेल्या एका माउलीने आपल्या लेकीसाठी अशी चार खोकी आणली. मुलीचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमवर उतरल्याचे आम्ही तिला कळविले होते. फळांचा रस दिला म्हणजे रक्त वाढते, असे तिला कोणी सांगितले होते आणि त्यासाठी तिने मजुरीतील बराच पैसा खर्च केला होता. तिच्या दुसऱ्या पिशवीत पेरू आणि बोरे होती. ती तिने बाहेर काढलीच नाहीत. मी विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, "सर, ते रानातलं हाय. पोरीला चांगलं आणावं म्हनलं."

प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच. रस प्यावा की नाही, प्यावा तर कोणी, केव्हा आणि किती, याविषयी आपल्या घरांतून बराच संभ्रम आहे. मी आहारतज्ज्ञ नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहे. म्हणून विषयाला इतिहासाच्या बाजूने हात घालतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचे प्रकरण आहे. भेसज्ज म्हणजे औषध. तथागत भद्दियहून चारिका करीत अंगुत्तराप प्रदेशातील आपण या गावी आले. सोबत साडेबाराशे भिक्खूंचा संघ होता. तेथील केणिय नावाच्या जटिलास प्रश्न पडला, की श्रमण गोतमांसाठी काय न्यावे? प्राचीन ऋषी रात्रिभोजन करीत नसत, परंतु पेये स्वीकारीत, हे त्यास ठाऊक होते. त्याने विपुल पेय तयार करवून कावडींनी नेले. भिक्खू मात्र घ्यावयास कचरले. मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य असताना हे चालेल काय, असा त्यांचा संदेह होता. तथागतांनी ते घेण्यास सांगितले आणि पुढे आठ पेयांची स्पष्ट अनुज्ञा दिली : आंबा, जांभूळ, चोच, मोच, मधुक, द्राक्ष, सालूक आणि फारुसक. चोच आणि मोच ही दोन्ही केळीच होत. अट्ठकथेच्या मते पहिली बियांची आणि दुसरी बिनबियांची. मधुक म्हणजे मोह, सालूक म्हणजे कमळकंद आणि फारुसक म्हणजे फालसा. आपल्या लहानपणी शाळेच्या फाटकाशी वाटीने मोजून मिळणारा जांभळट फालसा तो हाच.

या अनुज्ञेपेक्षा तिच्यापुढे आलेले अपवाद मला अधिक बोधप्रद वाटतात. सर्व फळांचा रस चालेल, धान्याचा नको. सर्व पानांचा रस चालेल, शिजविलेल्या भाजीचा नको. सर्व फुलांचा रस चालेल, मोहफुलाचा नको. उसाचा रस चालेल. धान्याचा व शिजविलेल्या भाजीचा रस म्हणजे पातळ केलेले जेवणच. ते पेयाच्या नावाने घेतले तर नियमाला अर्थ उरत नाही. मोहफुलापासून काय निघते, हे पूर्व विदर्भातून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना मी सांगावयाची आवश्यकता नाही. या अपवादांची कारणे मूळ ग्रंथात दिलेली नाहीत. हा माझा अन्वय आहे. परंतु त्यातून एवढे निश्चित दिसते, की पान आणि अन्न या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या होत्या आणि पानाने अन्नाची जागा घ्यावी, अशी कल्पना तेथे नाही.

याच प्रकरणात बेलट्ठ कच्चान नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. राजगृह आणि अंधकविंद यांच्या दरम्यानच्या वाटेवर गुळाच्या घटांनी भरलेल्या ५०० गाड्या घेऊन तो जात होता. त्याने भिक्खूंना गूळ दिला. पुढे गुळाविषयी भिक्खूंना संदेह पडला तेव्हा निर्णय झाला तो असा : आजाऱ्याने गूळ घ्यावा, निरोग्याने गुळाचे पाणी घ्यावे. पदार्थ एकच. मात्र घेणारा कोण आहे, त्यावरून त्याचे रूप आणि प्रमाण बदलले. रसाविषयी घराघरांत जे वाद होतात, त्यांपैकी बहुतेकांचा निकाल या एका नियमाने लागावा. सर्वांसाठी सर्वकाळ हितकर असा रस नसतो.

येथे एक सावधानता. विनयकारांना जीवनसत्त्वे ठाऊक होती, असा दावा मी करीत नाही. प्राचीन ग्रंथांतून आधुनिक विज्ञान शोधून काढण्याचा उद्योग या देशात पुष्कळ लोक करतात. आपण तो करू नये. फळाच्या रसातील गुण कोणता, हे कळावयास माणसाला प्रयोग करावा लागला, आणि त्याची हकीकत आठवी-नववीच्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

दीर्घ सागरी प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उकलत आणि माणसे मरत. हा स्कर्व्ही रोग. १७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश जहाजावरील शल्यचिकित्सक जेम्स लिंड याने १२ रोगी निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे मूळ अन्न एकच ठेवले. एका जोडीस सफरचंदाची आंबवलेली वारुणी, एकीस सौम्य गंधकाम्ल, एकीस शिर्का, एकीस समुद्राचे पाणी, एकीस लसूण-मोहरी इत्यादींचे चाटण, आणि एकीस रोज दोन संत्री व एक लिंबू दिले. संत्री-लिंबे सहा दिवसांतच संपली. तेवढ्यात त्या जोडीतील एक खलाशी कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. लिंडचा ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यावयास सुरुवात केली १७९५ साली. मधल्या ४२ वर्षांत किती खलाशी विनाकारण मेले असतील, हा प्रश्न मुलेच विचारतात.

या हकीकतीचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. रस टिकावा म्हणून लिंडने तो मंद आचेवर आटवून घट्ट करण्याची कृती सुचविली होती. त्या उष्णतेने त्यातील गुणच नाहीसा होत असे. लिंबाचा गुण सिद्ध करणाऱ्यानेच तो नष्ट करण्याची कृती लिहून ठेवली. कारण तो गुण कशात आहे, हे त्यास ठाऊक नव्हते. ते कळले १९३२ च्या सुमारास, जेव्हा सेंट-जॉर्जी यांनी वेगळा केलेला पदार्थ हाच क जीवनसत्त्व होय, असे सिद्ध झाले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, आणि उष्णतेने व हवेने नाश पावते. म्हणून रस काढला की लवकर प्यावा. सकाळी काढून सायंकाळसाठी झाकून ठेवू नये.

आता त्या खोक्यांकडे वळू. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार 'फ्रूट ड्रिंक' या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयात फळाचा रस किमान १० टक्के असला तरी पुरतो. लिंबाच्या बाबतीत तर ५ टक्के. उरलेले मुख्यतः पाणी आणि साखर. घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून तयार केलेल्या रसांवर '१०० टक्के फळांचा रस' असे छापले जाई. तो मजकूर काढून टाकण्याचा आदेश भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या जून महिन्यात दिला. पालकांनी खोके उलटे करून बारीक अक्षरांतील मजकूर वाचावा. आपल्याला वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावा. त्यासाठीच तर त्याला शाळेत घातले आहे.

घरी काढलेला ताजा रस याहून पुष्कळ चांगला, यात शंका नाही. तरीही तो संपूर्ण फळाच्या बरोबरीचा नव्हे. एक पेला रसास तीन-चार संत्री किंवा मोसंबी लागतात. एका बैठकीस चार संत्री सोलून खाणारे मूल विरळा. चार संत्र्यांचा रस मात्र अर्ध्या मिनिटात घशाखाली उतरतो. साखर सगळी येते, चोथा पाठीमागे राहतो. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश मिसळते, पोट भरल्याची जाणीव होते, शौचास साफ होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातील साखरेची गणना वरून घातलेल्या साखरेतच केली आहे. रोजच्या एकूण उष्मांकांपैकी अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा, ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक बरे, असे ती संघटना सांगते. प्रौढ माणसाच्या हिशेबाने ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. रसवंतीवरील उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात याहून अधिक साखर असते.

हे मी स्वतःवर अनुभवलेले आहे. सहा वर्षांपूर्वी मला मधुमेहाचे निदान झाले. सकाळच्या फेरफटक्यातील मंडळींच्या आग्रहाने मी न्याहारीची भाकरी बंद करून गाजर, बीट, सफरचंद यांचा मोठा पेला सुरू केला. त्यांचा हेतू चांगला होता. तीन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा साखर वाढलेली निघाली, आणि अकरा वाजता तासावर उभे राहिले की हात थरथरत, तो भाग वेगळाच. डॉक्टरांनी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी पुन्हा सुरू करावयास सांगितली. आपल्या समाजातील शिकलेल्या, बैठे काम करणाऱ्या पिढीत मधुमेह घरोघरी दिसू लागला आहे. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत या विकाराने त्यांच्या शरीराची काय दशा केली, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मधुमेही माणसाने रस पिण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. मूत्रपिंडाच्या रोग्याने तर विचारल्याशिवाय मुळीच पिऊ नये. रसात एकवटणारे पोटॅशियम त्यास घातक ठरू शकते.

दुधीच्या रसाविषयी थोडे ठामपणे सांगितले पाहिजे. २०१० साली दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमून या प्रश्नाचा विचार केला. दुधी, काकडी, दोडका या कुळातील फळांत क्वचित कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढतात आणि फळ कडू होते. त्या विषावर उतारा नाही. कडू ते औषधी, ही आपल्याकडील समजूत येथे जिवावर बेतते. कारल्याचा कडूपणा निराळा, दुधीचा निराळा. दुधीचा लहान तुकडा प्रथम चाखावा. किंचितही कडू लागला तर अख्खे फळ टाकून द्यावे, आणि त्यात दुसऱ्या भाजीचा रस मिसळून कडूपणा लपवू नये. प्यायल्यावर उलटी, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मग रसाचे स्थान कोठे? आजारातून उठलेल्या, चावता न येणाऱ्या वृद्धासाठी ते आहे. तापाने तोंडाची चव गेलेल्या मुलासाठी आहे. गाजराच्या बाबतीत तर ते किसून-वाटून घेतल्याने त्यातील केरोटिन शरीरास अधिक मिळते, सोबत थोडे तेल-तूप मात्र हवे. आणि आपल्या वसतिगृहाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे स्थान आहे ते लिंबाच्या अर्ध्या फोडीचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. आपल्या मुली त्याच देशातील आहेत. डाळ, पालेभाजी, बाजरी यांत लोह असते, परंतु वनस्पतींतील लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. त्याच घासासोबत क जीवनसत्त्व पोटात गेले तर शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते घटते. म्हणजे लिंबाचा रस उपाशीपोटी मधातून घेण्यापेक्षा वरणावर पिळणे अधिक उपयोगाचे. पिळायचाही ताट वाढल्यावर, उकळत्या पातेल्यात नव्हे. पेरू आणि आवळा यांत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. बोरांतही ते भरपूर असते. त्या माउलीच्या दुसऱ्या पिशवीत, जिची तिला लाज वाटत होती, तेच होते. आपल्या मालकीची वस्तू हलकी आणि दुकानातील भारी, ही समजूत आपल्या मनात कोणी आणि कशी रुजविली, हा इतिहासाचा स्वतंत्र विषय आहे. त्यावर पुढे केव्हातरी लिहीन.

त्या दिवशी मी तिच्यासमोर एक खोके उलटे करून मुलीलाच वाचावयास लावले. मग पेरू धुऊन तिघांनी खाल्ला.

आता आमच्या भोजनगृहात जेवणाच्या ताटात लिंबाची फोड असते. सायंकाळचा चहा जेवणापासून दूर, साडेचार वाजता दिला जातो. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा आवळा, गाजर आणि टोमॅटो मिक्सरमधून वाटून, न गाळता, साखर न घालता, अर्धा पेला प्रत्येकास मिळतो. भाजीपाला प्रथम मिठाच्या पाण्यात आणि नंतर वाहत्या पाण्यात धुतला जातो, आणि बर्फ मुळीच वापरला जात नाही. मुले आरंभी तोंडे वेडीवाकडी करीत. त्या मुलीस प्राथमिक आरोग्य केंद्राकडून लोहाच्या आणि जंतांच्या गोळ्याही मिळाल्या. पाच महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन साडेदहावर आले. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि लिंबाचा किती, हे मी सांगू शकत नाही. लिंडप्रमाणे जोड्या लावून आम्ही कोणालाही लिंबाविना ठेवले नव्हते.