मुक्त सॉफ्टवेअर आणि स्वयंसेवक परीक्षक

‘मुक्त सॉफ्टवेअर’ अथवा ‘ओपन सोर्स’ ह्या शब्दांचा अर्थ प्रथम नीट ध्यानांत घेतला पाहिजे. संगणकाकडून काम करून घेण्यासाठीं ज्या आज्ञा लिहाव्या लागतात, त्या वाचण्यास, सुधारण्यास व इतरांस देण्यास सर्वांना मोकळीक असेल, तर तो प्रोग्रॅम मुक्त होय. फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यानें १९९१ सालीं आरंभिलेला लिनक्स. नेटस्केप कंपनीनें १९९८ च्या मार्चच्या ३१ तारखेस आपल्या ब्राउझरच्या मूळ आज्ञा खुल्या केल्या, त्या कार्यांतून पुढें निपजलेला फायरफॉक्स. आणि २०१० सालीं सुरू झालेला लिबरऑफिस, हीं ह्या प्रकारचीं प्रसिद्ध उदाहरणें आहेत.

परंतु मोकळें असणें निराळें आणि तपासलेलें असणें निराळें. ओपनएसएसएल नांवाचा एक मुक्त प्रोग्रॅम इंटरनेटवरील गुप्त व्यवहाराचें रक्षण करितो. २०१२ च्या मार्चमध्यें निघालेल्या त्याच्या आवृत्तींत एक घातक दोष शिरला. त्याच्या आज्ञा सर्वांसमोर उघड्या होत्या. तरीही तो दोष २०१४ च्या एप्रिलमध्यें, म्हणजे दोन वर्षांनंतर, जाहीर झाला. ‘हार्टब्लीड’ ह्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. दार उघडें ठेविल्यानें कोणी आंत येऊन पाहतोच असें नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो. पाहणारा यावा म्हणून वाट सोपी करावी लागते. ती कशी करावी, ह्याचाच विचार ह्या लेखांत आम्हांस कर्तव्य आहे.

परीक्षक म्हणजे जो नवी आवृत्ती प्रथम वापरून पाहतो आणि तींतील दोष, ज्यास ‘बग’ म्हणतात, ते कर्त्यांस कळवितो. ह्या कामास प्रोग्रॅम लिहितां येणें आवश्यक नाहीं. डोळस वापर आणि नेमकें सांगण्याची हातोटी एवढें पुरे. असें असतां पुष्कळ इच्छुक उंबरठ्यावरूनच परततात. त्याचीं कारणें बहुधा तीन असतात: नवी आवृत्ती मिळविणें कठीण, स्वतःचें काम बिघडण्याची भीति, आणि कळविल्यावर उत्तर न येणें. आतां ह्यांवरील उपाय क्रमानें पाहूं.

पहिला उपाय, तयार आवृत्ति देणें. मूळ आज्ञांपासून चालता प्रोग्रॅम स्वतः बनवून घे, असें नवख्यास सांगणें म्हणजे पाहुण्यास दळण दळावयास बसविण्यासारखें आहे. फायरफॉक्सचे कर्ते ‘नाइटली’ नांवाची ताजी आवृत्ति रोजच्या रोज तयार करून ठेवितात. ती उतरवून घ्यावी आणि चालवावी, एवढेंच परीक्षकाचें काम उरतें.

दुसरा उपाय, परीक्षकाचें नुकसान होऊं न देणें. लिबरऑफिसची अपुरी, चांचणीची आवृत्ति नेहमींच्या आवृत्तीशेजारीं वेगळी बसवितां येते. फायरफॉक्सनेंही २०१९ सालच्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक बसविलेल्या प्रतीस स्वतंत्र दप्तर दिलें. त्यामुळें नाइटली बिघडली तरी नेहमींच्या खुणा व पासवर्ड सुरक्षित राहतात.

तिसरा उपाय, तक्रार लिहिण्याचा सोपा नमुना देणें. ‘प्रोग्रॅम चालत नाहीं’ हें वाक्य वैद्यास ‘बरें वाटत नाहीं’ म्हणून सांगण्यासारखें आहे. नमुन्यांत चार प्रश्न असावेत: कोणती आवृत्ति व कोणता संगणक? क्रमानें काय काय केलें? काय घडावयास हवें होतें? आणि प्रत्यक्ष काय घडलें? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर वाचून कर्त्यास तोच दोष आपल्या संगणकावर उत्पन्न करतां आला, तर अर्धें काम झालें असें समजावें.

चौथा उपाय गणिताच्या विद्यार्थ्यांस विशेष रुचेल. समजा, कालपर्यंत चांगली चालणारी एखादी सोय नव्या आवृत्तींत बिघडली, आणि मधल्या काळांत १,००० बदल झाले. दोष कोणत्या बदलानें आला? एकेक बदल तपासूं म्हटल्यास हजार वेळां श्रम पडतील. त्याऐवजीं बरोबर मधली आवृत्ति पाहावी. ती चांगली असेल तर दोष पुढच्या अर्ध्यांत, वाईट असेल तर मागच्या अर्ध्यांत. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करावेत. २ चा दहावा घात १,०२४ असल्यामुळें सुमारें दहा चांचण्यांत दोषी बदल सांपडतो. फायरफॉक्ससाठीं ‘मोझरिग्रेशन’ नांवाचें साधन जुन्या आवृत्त्या आपणच उतरवून घेतें. परीक्षकानें प्रत्येक वेळीं ‘ठीक’ किंवा ‘बिघाड’ एवढेंच सांगावयाचें. असें साधन हातीं असलें म्हणजे आज्ञांचें एक अक्षरही न जाणणारा मनुष्य कर्त्यांचे पुष्कळ श्रम वांचवितो.

पांचवा उपाय सर्वांत स्वस्त, परंतु सर्वांत दुर्मिळ: उत्तर देणें. तक्रार पोंचली, अमुक माहिती हवी, अथवा हा दोष पूर्वींच नोंदलेला आहे, असें सौजन्यानें कळविलें, आणि दोष दूर झाल्यावर आभार मानले, तर तोच परीक्षक पुन्हां येतो. उपेक्षा झाली तर तो अबोलपणें निघून जातो.

परीक्षकाचींही कर्तव्यें आहेत. त्यानें आधीं जुन्या तक्रारी चाळाव्यात. एका पत्रांत एकच दोष लिहावा. रागानें लिहूं नये. तक्रारीबरोबर फाइल जोडतांना तींतील घरची खासगी माहिती काढून टाकावी, कारण तक्रारी सर्व जगास दिसतात. आणि दोष जर चोरास उपयोगी पडेल असा असेल, तर तो चव्हाट्यावर न मांडतां कर्त्यांनीं त्यासाठीं ठेविलेल्या गुप्त मार्गानेंच कळवावा.

आतां कोणी म्हणेल, ह्यांत आपला काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. ‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ ह्या दोन वाक्यांतील भेद प्रत्येक मराठी मुलास कळतो. एकांत गुरु आहे, दुसऱ्यांत स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. हा ‘ऱ्य’ संगणकांत ‘ऱ’, हलंत आणि ‘य’ अशा क्रमानें सांठविला जातो. प्रोग्रॅमांत वा अक्षरठशांत चूक असली तर पडद्यावर रफार उमटेल, आणि स्वयंपाक्याचा गुरु होईल! देवनागरी न जाणणाऱ्या परदेशी कर्त्यास तें चित्र ठाकठीकच वाटेल. त्याचें ज्ञान कमी म्हणून नव्हे, तर ही भाषा त्याची नव्हे म्हणून. त्याचे डोळे आपणच झालें पाहिजे. काय टंकिलें, कोणता ठसा होता, काय दिसलें आणि काय दिसावयास हवें होतें, हें चित्रासह कळविलें तर त्याला दुरुस्ती करतां येते. आणि तेंच उदाहरण कायमच्या चांचणींत घातल्यास तो दोष परत शिरतांना लगेच पकडला जातो.

पालकांस आमची एक विनंती आहे. मूल संगणकापुढें बसलेलें दिसतांच वेळ फुकट गेला असें मानूं नये. तें काय करीत आहे हें शेजारीं बसून पाहावें. नीट पाहणें, क्रमानें सांगणें, ऐकीव आणि अनुभवलेलें ह्यांत भेद करणें, हें शिक्षण ह्या कामांत आपोआप मिळतें. आणि विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यांनीं श्रम करून फुकट दिलेली वस्तु आपण रोज वापरतों. तिचें मोल पैशांनीं फेडणें शक्य नसेल. परंतु दिसलेला एक दोष नीट लिहून कळविणें प्रत्येकास शक्य आहे. येत्या सुटींत असें एक तरी पत्र लिहून पाहा.