मोबाइलचा गाभा

मोबाइलच्या पडद्यावर जे दिसते त्याच्या मागे, अगदी तळाशी, आज्ञावलीचा एक भाग अहोरात्र राबत असतो. त्याला कर्नेल म्हणतात. इंग्रजीत कवचाच्या आतील गराला हा शब्द लावतात. सैन्यातील कर्नलाशी त्याचे काहीएक नाते नाही. बोटाचा स्पर्श ओळखणे, निरनिराळ्या कामांना स्मृतीतील जागा वाटून देणे, बॅटरीची शक्ती जपून खर्चणे, ही सारी व्यवस्था कर्नेल पाहते. गाभाच जुना राहिला, तर त्यावर नवी आज्ञावली चढविणे अतिशय कठीण होते. मग धडधाकट मोबाइलही टाकाऊ ठरतो.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने आपल्या संगणकासाठी एक कर्नेल लिहिले आणि त्याची मूळ संहिता जगापुढे खुली ठेवली. हेच लिनक्स होय. पुढच्या वर्षी त्याने ते जीपीएल या परवान्याखाली आणले. या परवान्याची अट मोठी मार्मिक आहे. हे कर्नेल कोणीही घ्यावे, बदलावे, हवे तर विकावेही. मात्र बदललेले कर्नेल दुसऱ्याच्या हाती देताना त्याची संहिताही त्यास उपलब्ध करून दिली पाहिजे. २००८ साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला मोबाइल विक्रीस आला, तेव्हा त्याचा गाभा लिनक्सचाच होता.

या अटीचे मोल नेदरलँड्समधील एका मोबाइलने दाखवून दिले. ॲमस्टरडॅम येथील फेअरफोन या संस्थेने २०१५ साली 'फेअरफोन २' बाजारात आणला. त्यावर अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती होती. त्यातील मुख्य चिप क्वालकॉम या कंपनीची. सहाव्या आवृत्तीनंतर क्वालकॉमने त्या चिपला पाठबळ देणे थांबविले. बहुतेक कारखानदार अशा वेळी हात झटकून मोकळे होतात. परंतु गाभ्याची संहिता खुली असल्यामुळे फेअरफोनच्या अभियंत्यांना स्वतःच कामास लागता आले. २०१८ साली त्यांनी सातवी आवृत्ती दिली, २०२१ साली नववी आणि २०२२ साली दहावी! लिनेजओएस या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांच्या कामाचा त्यांना मोठा आधार झाला. हे स्वयंसेवक देशोदेशींचे. कारखान्याने सोडून दिलेल्या मोबाइलांना ते नवी आज्ञावली पुरवितात.

खुल्या संहितेत दोष नसतात, असे मात्र कोणी समजू नये. लिनक्समध्ये २००७ सालापासून दडून बसलेला एक घातक दोष २०१६ साली उघडकीस आला. इतकी वर्षे तो कोणाच्या ध्यानी आला नाही, ही गोष्ट भूषणाची नव्हे. पण सापडल्यावर त्याची दुरुस्ती सर्वांसमक्ष झाली, आणि ज्याच्यापाशी संहिता होती त्याला ती आपल्या कर्नेलमध्ये बसविता आली.

आणखी एक अडचण उरतेच. मोबाइलमध्ये संदेशलहरी सांभाळणाऱ्या भागाची आज्ञावली बहुधा बंद पेटीसारखी असते. तिच्या कर्त्यावाचून ती कोणाला दुरुस्त करता येत नाही. तेथे खुल्या गाभ्याचेही काही चालत नाही. फेअरफोन २ ला मिळणारे साहाय्य अखेर २०२३ साली संपले. तोवर त्याला विक्रीस येऊन सात वर्षे उलटली होती.