तेरड्याचे बी कसे धरावे?



पुढच्या आठवड्यात गौरी येणार. आपल्या कोकणात कुणाकडे मुखवट्यांची गौर असते, कुणाकडे खड्यांची, आणि आमच्या वाडीत सगळ्यांकडे तेरड्याची. तेरड्याची रोपे मुळासकट उपटून आणायची, स्वच्छ धुवायची, जुडी बांधायची आणि तिला साडी नेसवायची. मुळे म्हणजे गौरीची पावले. म्हणून मूळ तुटलेले रोप आजी चालवून घेत नाही.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. आजीने मला आणि माझ्या चुलतभावाला तेरडा आणायला धाडले. आम्ही शाळेमागच्या उतारावर गेलो. लहान असताना तिथे कमरेएवढा तेरडा मी पाहिला होता. पण रस्ता रुंद करताना अर्धा उतार खणला गेला आणि उरलेल्यात सगळे गवत. पऱ्याच्या काठाने वर वर गेलो, दुपार झाली. शेवटी एका बांधाखाली पाच रोपे दिसली. ती पाचही आम्ही उपटली. घाईत दोघांची मुळे तुटली. आजी म्हणाली, “काय गो, ही कसली गौर आणलीस? हिची पावलं कुठं हायत?” मला रडू आले.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. गुरुजींनी मलाच प्रश्न विचारला, “ती पाच रोपं तिथं पुढच्या वर्षी कुठून यायची?” मी म्हटले, “येतील की, दरवर्षी येतात तशी.” गुरुजी म्हणाले, “कशातून?” मला उत्तर येईना. तेव्हापासून आम्ही तेरड्याच्या मागे लागलो आहोत. त्यात जे समजले, जे चुकले, ते इथे लिहिते.

तेरड्याला जमिनीत कंद नसतो, गड्डाही नसतो. हळद किंवा सुरण पावसाळा संपला की वरून वाळतात, पण खाली जिवंत राहतात. तेरड्याचे तसे नाही. पावसाबरोबर उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि पाऊस सरला की मरायचे. एका वर्षाचे आयुष्य. पुढच्या वर्षीचा तेरडा फक्त बियांत असतो. आणि गौरी येतात तेव्हा झाड ऐन फुलात असते. बोंडे धरलेली असतात, पण बहुतेक हिरवी. एक फोडून बघा, आतले बी पांढरे दिसेल. ते पेरले तर उगवत नाही. म्हणजे त्या दिवशी आम्ही पाच रोपे उपटली ती नुसती पाच नव्हती.

तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्सामिना. इम्पेशन्स म्हणजे अधीर, ज्याला दम निघत नाही असा. हे नाव त्याच्या बोंडावरून पडले. पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फटकन फुटते आणि बिया उडतात. आपण लहानपणी सगळ्यांनी हा खेळ केला आहे, पण ते का फुटते हे मला माहीत नव्हते. बोंडाची साल पाच फाकांची असते. फाका एकमेकींना शिवणीसारख्या चिकटलेल्या असतात. सालीच्या बाहेरच्या थरात पाणी भरून ती ताणलेली असते. बोंड पिकले की शिवण कच्ची होते. मग वारा, पावसाचा थेंब, मुंगी, काहीही पुरते. शिवण उसवते आणि पाचही फाका घड्याळाच्या कमानीसारख्या आत गुंडाळल्या जातात. त्या झटक्याने बी फेकले जाते. आम्ही वर्गात फरशीवर खडूने रेघा मारून बोंडे फोडली. बरेच बी हातभर अंतरात पडले, काही दोन-अडीच हातांवर गेले. एक गुरुजींच्या चहात पडले. त्यावरून असे दिसते की तेरडा स्वतः फार लांब जाऊ शकत नाही. एका जागचा संपला तर लांबून लवकर परत येईल असा भरवसा नाही.

आता बी धरायची रीत. गौरीनंतर दोन-तीन आठवडे थांबावे. खालची बोंडे आधी पिकतात. पिकलेले बोंड टपोरे होते आणि त्याचा हिरवा रंग फिकट, पिवळसर पडतो. त्याच्यावर मऊ लव असते. ते नुसते खुडायला जाऊ नये, हातातच फुटून सगळे बी गवतात जाते. आधी मुठीत पूर्ण धरावे आणि मग तोडावे. मुठीत गुदगुल्या झाल्यासारखे वाटते. मूठ सुपावर किंवा पत्रावळीवर उघडावी. बी तपकिरी आणि गोल असेल तर पक्के. पांढरे असेल तर त्या झाडाला अजून आठ दिवस द्यावे. माझ्या धाकट्या भावाला गुदगुल्या सहन होत नाहीत, म्हणून तो बोंडावर कापडी पुरचुंडी बांधून ठेवतो. तीही रीत चांगली आहे.

पहिल्या वर्षी आम्ही इथपर्यंत नीट केले. पऱ्यापलीकडच्या एका बांधावरून बी जमवले आणि लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली. पिशवी कपाटात. मृगात उघडली तर आत बुरशी! बी एकमेकांना चिकटून गोळा झालेला. तरी पेरला. आणि पेरला तो भुईमुगासारखा, चांगला दोन बोटे खोल. एवढ्या पेरणीतून चार रोपे वर आली. त्यातली दोन गोगलगाईंनी खाल्ली. वर्गातली मुले आम्हाला “तेरडावाले” म्हणून चिडवू लागली.

उरलेल्या दोन रोपांना आम्ही गौरीसाठी हात लावला नाही. त्या वर्षी आजीने शेजारच्या गावातल्या आत्याकडून तेरडा मागवला. त्या दोन झाडांचे एकूण एक बोंड आम्ही धरले. बाबा म्हणाले, भाताचे बियाणे जसे ठेवतो तसेच हेही ठेवा. म्हणून बी आठ दिवस पडवीत सावलीत वाळवले, उन्हात नाही. मग कागदाच्या पुडीत घालून पुडी करवंटीत ठेवली, वर चुलीची कोरडी राख आणि वरून दुसरी करवंटी. पावसाची ओल जाऊ नये म्हणून चुलीवरच्या माळ्यावर. माळ्यावर धूर असतो, त्यामुळे किडाही लागत नाही असे आजी सांगते.

या वर्षी शाळेच्या विहिरीजवळ वाफा केला. माती खुरपीने भुसभुशीत केली आणि जुने शेणखत मिसळले. पाणी साचू नये म्हणून वाफा वीतभर उंच ठेवला. तेरड्याचे खोड पाण्याने भरलेले, पारदर्शक असते. मुळाशी पाणी साचले की ते कुजून आडवे होते. रोहिणीच्या सरींना फसू नये. मृगाचा पाऊस दोन-चार दिवस सलग पडून माती आतपर्यंत भिजली की मगच पेरावे. बी वर टाकून चिमूट चिमूट बारीक माती भुरभुरावी, बी जेमतेम झाकेल एवढीच. आमचे आठव्या दिवशी दिसू लागले. चार-सहा पाने आली की दाट रोपे उचलून वीतभर अंतरावर लावावीत. हे काम भर पावसात केले तर रोप मान टाकत नाही. गोगलगाईंसाठी वाफ्याभोवती राख टाकली होती, पण पाऊस ती लगेच धुऊन नेतो. खरा उपाय म्हणजे सकाळी लवकर येऊन वेचणे. श्रावणात काळ्या रंगाची, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि मागे शेपटीसारखे शिंग असलेली अळी सापडली. मुली किंचाळल्या. (मी नाही.) ही अळी तेरड्याची पाने खाते आणि पुढे तिचा मोठा पतंग होतो. आम्ही दोन अळ्यांना एक रोप देऊन टाकले आणि बाकीच्या उचलून पऱ्यापलीकडे सोडल्या.

फुले यायला पेरल्यापासून दोन महिने लागले. फूल नीट पाहा. मागे बारीक वळलेली शेपटी असते, तिच्यात मध. आत वरच्या बाजूला एक लहान पांढरी टोपी दिसते. ती टोपी म्हणजे पाच पुंकेसर एकमेकांना जुळून झालेली असते. मधासाठी आलेल्या मधमाशीच्या पाठीला तिचे पराग लागतात आणि माशी पांढरी पाठ घेऊन बाहेर येते. एक-दोन दिवसांनी टोपी गळते आणि तिच्याखालचा हिरवा स्त्रीकेसर उघडा पडतो. म्हणजे एकच फूल आधी पराग देते आणि मग पराग घेते.

“तेरड्याचा रंग तीन दिवस” अशी म्हण आहे. आम्ही ती तपासली. सात कळ्यांना दोरा बांधला आणि रोज मधल्या सुट्टीत पाहिले. पाच फुले तीन दिवस टिकली, दोन चार दिवस. तेव्हा म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाडावर मात्र खालून वर नवी फुले येत राहतात. आमचा वाफा अजून रंगलेला आहे. माझ्या मते म्हण करणाऱ्याने एकच फूल पाहिले असावे.

गुरुजींनी कासच्या पठाराचे चित्र दाखवले. ते साताऱ्याजवळ आहे, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले त्यात कासही आहे. तिथे पावसाळ्याच्या शेवटी पठार गुलाबी होते, तोही तेरडाच. पण आपला नव्हे, त्याचा चुलतभाऊ. तो बुटका असतो. कोरियात मुली तेरड्याची फुले वाटून नखांना लावतात, मेंदीसारखी. आम्ही तीन जणींनी लावून पाहिली. आमच्या नखांवर फिकट केशरी रंग आला, पण चार दिवसांनी आजीला दिसलाच.

आता मुख्य अडचण सांगते. वाफ्यात आज ६४ रोपे आहेत. आमच्या वाडीत ११ घरे. प्रत्येक घरी पाच रोपांची जुडी लागते, म्हणजे ५५ रोपे गेली. उरली नऊ. आणि गौरीला सगळे चांगलीच रोपे निवडणार, म्हणजे उरणार ती किरटी. बाबा भाताचे बियाणे ठेवताना सर्वांत चांगल्या लोंब्या आधी राखून ठेवतात, मग बाकीचे झोडतात. इथे उलटे होईल.

यावर वर्गात खूप भांडण झाले. काही मुले म्हणाली, वाफा शाळेचा आहे, कुणालाच देऊ नये. पण मग सगळे जण पुन्हा पऱ्याच्या काठाला जाऊन तिथला रानातला तेरडा उपटतील, मग आपण केले काय? गुरुजींनी फळ्यावर दुसरे गणित मांडले. पाचाऐवजी तीन रोपांची जुडी केली तर ३३ रोपे लागतील आणि ३१ बियांसाठी राहतील. त्या ३१ रोपांना आम्ही आजच लाल चिंध्या बांधल्या आहेत. सर्वांत उंच, भरपूर बोंडे धरलेली रोपे त्यात आहेत. पालकहो, लाल चिंधीचे रोप कृपया उपटू नये.

तीन रोपांची गौर चालेल का, आणि पेरलेला तेरडा चालेल का, हे अकरा घरांतल्या आज्यांना विचारायचे काम माझ्याकडे दिले आहे. आतापर्यंत सहा आज्या “चालंल” म्हणाल्या. एक म्हणाली, रानचाच पायजे. तिच्या घरी मी उद्या पुन्हा जाणार आहे, सोबत वाफ्यातले एक रोप घेऊन. माझी आजी काल स्वतः शाळेत आली. वाफ्यापाशी बसली. तिने एका कडेच्या रोपाभोवतीची माती बोटांनी हळूच सैल केली, ते सरळ वर उचलले आणि मुळे उजेडात धरून बघितली. मग ते परत लावले आणि म्हणाली, “उपटायला येताना खुरपी आणा. वढू नका.”

ज्यांना पुढच्या वर्षी आपल्या परसात, बांधावर किंवा त्या खणलेल्या उतारावर तेरडा पेरायचा असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात यावे. बी मिळेल. येताना कागद आणावा. प्लॅस्टिकची पिशवी आणू नये.