भिंतीतली बाटली

उत्तर इंग्लंडमधला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा उकिरडा उकरायला घेतला की हाताला सगळ्यात जास्त लागते ती राख. त्या काळी घरोघरी दगडी कोळसा जळायचा आणि जळण्यासारखं जे काही असेल ते त्यातच जायचं. उरलेली राख, फुटक्या कपबश्या, रिकाम्या बाटल्या गाड्या भरभरून गावाबाहेरच्या ओसाड खाणीत नाहीतर ओढ्याकाठच्या घळीत ओतल्या जात. कुजणारा माल त्यात फारसा नसे, त्यामुळे काच आणि चिनीमाती राखेत छान टिकली. ती शोधत सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन निघणाऱ्या हौशी लोकांची तिकडे एक जमातच आहे. यॉर्कशरला राहायला गेल्यावर मीही त्या जमातीत सामील झाले.

मला ओढलं ते गोटी सोड्याने. आपल्याकडे जत्रेत, एसटी स्टँडवर फट्‌ आवाज करत फुटणाऱ्या सोड्याची बाटली मूळची इंग्लंडची. हायरम कॉड याने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाब काचेची गोटी वर ढकलतो, गळ्यातल्या रबरी कड्यावर ती घट्ट बसते आणि बाटली बंद होते. यॉर्कशरमधल्या बार्न्सलीच्या कारखान्यांत या बाटल्या बनत. तिथली पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची, म्हणून उकिरड्यात अखंड बाटलीपेक्षा नुसत्या माना आणि बुडंच जास्त निघतात. गर्द निळ्या काचेची अखंड बाटली निघाली, तर लिलावात तिच्यासाठी चढाओढ लागते.

अशाच एका निळ्या बाटलीपायी आमच्यातला एक तरुण मुलगा मरता मरता वाचला. तो प्रसंग सांगते, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच आले आहेत.

खड्डा डोक्याच्या वर खोल गेला होता. समोरच्या भिंतीत, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, निळी मान दिसली. मुलगा गुडघ्यांवर बसला आणि छोट्या कुदळीने तिच्याभोवतीची राख खाली ओढू लागला. बाटली आडवी, बूड आत गेलेलं. तो आणखी आत शिरला. म्हणजे वरचा सगळा थर आता नुसता अधांतरी होता. राखेची भिंत दगडामातीसारखी गडगडत नाही. वरून एक रेघ उमटली आणि पोतं ओतावं तशी ती आवाज न करता खाली आली. मुलगा छातीपर्यंत गाडला गेला. डोकं बाहेर होतं, त्यामुळे आम्हाला वाटलं निभावलं. पण त्याला बोलता येईना. प्रत्येक वेळी श्वास सोडला की छाती जितकी आत जाई, तितकी राख तिथे येऊन बसे आणि पुढचा श्वास आणखी तोकडा होई. ओठ काळेनिळे पडले.

आमच्यातले एक आजोबा जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेले. खड्ड्यात उडी मारू पाहणाऱ्या दोघांना त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं, एकाला अग्निशमन दलाला फोन करायला पिटाळलं आणि काठावर आडव्या फळ्या टाकल्या. त्या फळ्यांवर पालथं पडून आम्ही हातांनी आणि बादलीने आधी फक्त छातीभोवतीची राख काढली. दोर बांधून ओढायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. अडकलेलं माणूस ओढून निघत नाही, फक्त मोडतं. बंब येईपर्यंत मुलाचा श्वास मोकळा झाला होता. दोन-तीन बरगड्यांवर निभावलं. त्या बाटलीला बूड होतं की नाही, हे कुणालाही माहीत नाही. खड्डा त्याच संध्याकाळी बुजवला.

एक घनमीटर माती दीड टनाहूनही जास्त भरू शकते. ओली राखही काही कापूस नव्हे. खड्ड्याची भिंत उभी दिसते याचा अर्थ एवढाच, की ती अजून पडलेली नाही. पण आजोबांनी मला शिकवलं ते याच्याही पुढचं होतं: खड्डा किती लांब, किती रुंद आणि किती खोल, हे पहिलं फावडं मारण्याआधी ठरवायचं आणि मग कुठल्याही बाटलीसाठी ते बदलायचं नाही. अपघात होतात ते बाटली खड्ड्याला आकार देऊ लागते तेव्हा. एरवी शहाणी असणारी माणसं काचेची मान दिसली की भिंतीखाली बीळ करतात.

म्हणून भिंतीत बाटली दिसली तर खालून पोखरू नका. वर या आणि तो थर वरूनच, पायऱ्या पाडत उतरवा. तेवढा वेळ किंवा अंगात जोर नसेल तर बाटली राहू द्या. इतकी वर्षं ती तिथे सुखरूप राहिली आहे, पुढच्या रविवारपर्यंतही राहील. खोली कमरेच्या वर नेऊ नका. काढलेली राख काठापासून किमान मीटरभर लांब टाका, कारण काठावरचा ढीग भिंतीला खाली रेटतो. पाऊस पडून गेल्यावर लगेच उतरू नका. एकट्याने कधीच जाऊ नका आणि दोघं असाल तर एकाने वरच थांबायचं. निघताना खड्डा बुजवा, नाहीतर संध्याकाळी कुणाचं तरी कुत्रं किंवा पोर त्यात पडेल.

दुसरा धोका बाटलीच्या पोटात असतो. जुन्या विषाच्या बाटल्या निळ्या किंवा हिरव्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या असत. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला नुसत्या स्पर्शाने कळावं म्हणून ही योजना. बूच शाबूत असेल आणि आत काही हलत असेल तर ते उघडू नका, हुंगू तर अजिबात नका. राखेतही शिसं आणि आर्सेनिक असू शकतं. म्हणून जाड हातमोजे, तोंडाला मास्क आणि धनुर्वाताची लस या गोष्टी आधी, फावडं नंतर. बाटल्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. अंगणात, वेगळ्या बादलीत आणि साध्या पाण्याने धुवा. जुनी काच गरम पाण्यात पटकन तडकते. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे किंवा तंतूंसारखं काही दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस समजून तिथून निघा.

तिसरी गोष्ट परवानगीची. जमीन कुणाची तरी असतेच. मालकाची लेखी संमती नसेल तर तुम्ही छंद जोपासत नाही, चोरी करता.

सुट्टीत घरी आले की हे ऐकून भाचरं विचारतात, “मावशी, आपल्याकडे कुठे उकरायचं?” एक तर आपल्याकडे रिकामी बाटली सहसा उकिरड्यापर्यंत पोचतच नसे. ती विकत घेणारे दारोदार फिरत, आणि बाटलीवाला हे आडनाव काही उगाच पडलेलं नाही. दुसरं म्हणजे कायदा. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. संरक्षित किल्ल्यावर, लेण्यापाशी उकरणं हा सरळ गुन्हा आहे. त्यात नुसती वस्तूच जात नाही, ती कुठल्या थरात होती हा पुरावाही कायमचा जातो. आणि आजच्या कचराडेपोंच्या वाटेला तर जाऊच नका. कुजणाऱ्या कचऱ्यात मिथेन साठतो. देवनारच्या डेपोला १९२७ पासूनचा इतिहास आहे आणि २०१६ मध्ये तिथल्या आगींचा धूर मुंबईभर पसरला होता. पोटासाठी तिथे उतरणाऱ्यांना पर्याय नसतो. आपल्याला असतो.

हौस आवरतच नसेल तर मुंबईच्या चोरबाजारात जा. बाटली उजेडात धरून तडा बघा, गोटी खुळखुळवून बघा, मनसोक्त घासाघीस करा. तिथे गाडला गेलाच तर खिसा गाडला जाईल, आणि त्याला बंब बोलवावा लागत नाही.