कळलावी

वैशाखात हिंगोली जिल्ह्यातील माळराने तापून निघतात. विहिरींचे पाणी तळाला जाते आणि परसातील झाडांना घागरभर पाणी घालणेही जड वाटू लागते. अशा वेळी कुंपणापाशी कळलावीचा वेल शोधू गेल्यास वाळलेली काडीदेखील दिसत नाही. वेल मात्र मेलेला नसतो. जमिनीखाली त्याचा कंद निजलेला असतो. दुष्काळाशी झुंज न घेता तो दुष्काळ झोपेतच काढतो!

मृगाचा पाऊस पडला, की कंदातून कोंब वर येतो. या वेलाच्या पानाचे टोकच लांब होऊन वळते आणि कुंपणाच्या काटक्यांना विळखा घालते. श्रावण-भाद्रपदात तो फुलतो. नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या प्रथम हिरवट पिवळ्या, मग नारिंगी व शेवटी लालभडक होतात आणि ज्वाळांप्रमाणे वर वळतात. संस्कृतात याला अग्निशिखा म्हणतात, ते उगीच नव्हे! तामिळनाडूने या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

हा वेल दारी लावल्यास घरात भांडणे लागतात, अशी एक समजूत आहे. ती भीती खोटी. विषाची भीती मात्र खरी आहे. वेलाच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन नावाचे विष असते. त्याच द्रव्याचे अल्प प्रमाण वैद्यकात संधिवाताच्या एका प्रकारावर वापरतात. परंतु रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा हळदीच्या मुलखात तर हा कंद स्वयंपाकघराच्या व हळदीच्या वाफ्याच्या आसपासही असू नये. लहान मुले आणि गुरे यांच्यापासून तो दूर लावावा व हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

औषधासाठी खणून नेल्यामुळे रानातील कळलावी विरळ होत चालली आहे. म्हणून रोपवाटिकेतील कंद आणावा. बियांपासूनही वेल होतो, पण फुलांसाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो. तेव्हा मातीत वाळू व मुरूम मिसळून उंचवटा करावा आणि पावसापूर्वी कंद आडवा, चार बोटे खोल पुरावा. कंदाच्या टोकाशी असलेला नाजूक डोळा मोडला, तर कोंब येत नाही.

पावसाळा सरल्यावर वेल पिवळा पडतो. तेव्हा पुष्कळजण दयेपोटी त्याला पाणी घालतात आणि निजलेला कंद कुजवतात. जाणता माळी पाणी तोडतो व त्या जागी एक काठी रोवून ठेवतो. नाही तर उन्हाळ्यात आळी खणताना कुदळ नेमकी तेथेच पडते.