स्पोर्ट गाडीचे काळे दिवे: दिसणं वेगळं, बिल वेगळं

चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टुसची जीटी प्लस स्पोर्ट आवृत्ती २०२४ मध्ये आली. समोर उभं राहिलं की लाल जीटी बिल्ल्याइतकेच तिचे काळसर हेडलाइट डोळ्यांत भरतात. एरवी बहुतेक गाड्यांत दिव्याच्या आतली चौकट चंदेरी असते. स्पोर्ट आवृत्तीत कंपन्या तीच काळी करतात, कधी आत एखादी लाल रेघ ओढतात. गाडीचा चेहरा लगेच रागीट दिसतो.

उजेड मात्र चौकटीच्या रंगावर ठरत नाही. आत हॅलोजन आहे की एलईडी, रिफ्लेक्टर आहे की प्रोजेक्टर, यावर ठरतो. म्हणून शोरूममध्ये आधी विचारा: खालच्या व्हेरियंटलाही हाच एलईडी आहे का? असेल, तर दिव्यांपुरते तरी वरचे पैसे रंगाचे आहेत.

खरी गंमत दिवा फुटल्यावर कळते. छोट्या गाडीचा साधा हॅलोजन दिवा साधारण अडीच ते पाच हजारांत येतो. एलईडीचा अख्खा संच पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत, मोठ्या गाड्यांत त्याहूनही वर जातो. शिवाय काळ्या दिव्याचा पार्ट नंबर वेगळा असतो. चंदेरी उचलून आणला तर बसेल कदाचित, पण एक डोळा काळा, एक पांढरा! ऑर्डर देताना चॅसी नंबर द्याच.

‘आम्ही तुमचेच काळे करून देतो’ म्हणणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. काचेवर काळी फिल्म लावली की उजेडच अडतो. पावसाळी रात्री घाटात ते परवडणारं नाही. आतली चौकट रंगवायची तर दिवा तापवून काच सोडवावी लागते. ती पुन्हा चिकटवताना सील थोडं जरी कमी पडलं, तरी पहिल्या पावसात आत दव धरतं. त्या दिव्याची वॉरंटी गेलीच समजा. नियमबाह्य बदलाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, तो वेगळाच.

आता विमा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि हेडलाइट त्यातच मोडतो. ३०,००० चा दिवा असेल तर १५,००० तुमचे. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,००० रुपये. म्हणजे खिशातून १६,००० गेले आणि नो क्लेम बोनसही गेला. तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल, तर क्लेम करण्याआधी पुढच्या हप्त्याचा हिशेब मांडा. एलईडीवाल्या नव्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घ्यावंच, असं माझं मत.

दिवा नुसता पिवळा पडला असेल तर बदलू नका. जोडीचं पॉलिश साधारण पाचशे ते दीड हजारांत होतं. वरून यूव्ही कोटिंग मात्र करून घ्या, नाहीतर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो.

कोटेशन लेखी घ्या. त्यात पार्ट नंबर, जीएसटी, लेबर आणि दिव्याची लेव्हल लावण्याचे पैसे वेगवेगळे लिहायला सांगा. एलईडीचा कंट्रोल मॉड्यूल संचासोबत आहे की वेगळा, तेही विचारा; काही गाड्यांत तो वेगळा विकतात आणि बिल तिथेच फुगतं.